बाहुलीच्या गालावरची तीट

काकांचं नाव लिहायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय. "माझां नाव नको गो. कोणी वाचलं तर पुन्हा पंचाईत." म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांना आधी पुढे केल्याशिवाय मला बाकीचं लिहिता यायचं नाही. काका म्हणजे परदेशातून आलेला आमच्या गोडाऊनचा माल सहार विमानतळाच्या कार्गोमधून सोडवून आणणाऱ्या एजंटच्या ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क. मूळचे सावंतवाडीकडचे. वडील गिरणीत होते. संपानंतर घर बसलं तेव्हा हे मिसरूड फुटायच्या वयात कस्टमच्या कागदांत शिरले, ते चाळीस वर्षं तिथेच. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर राहतात. माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे, आणि त्यांचं काम सुटलं त्याला कारण मी. ते म्हणतात तसं काही नाही. मला मात्र अजून जेवताना मध्येच आठवतं आणि घास फिरतो, म्हणजे तसंच असणार.

माझं गाव किनवटच्याही पुढे, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं. शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी एसटीने जावं लागायचं, आणि पावसाळ्यात एसटी नाल्याच्या अलीकडूनच परत फिरायची. वडील म्हणाले, राहू दे. मग लग्न, मग एक बाळंतपण. ते सरल्यावर वर्षभराने सासरच्यांनी मला माहेरी सोडलं, आणि माहेरी भावजयीचं बिऱ्हाड होतं. शेजारणीची बहीण साकीनाक्याला राहायची, तिच्यामागे मी मुंबईला आले. तिच्याच खोलीत आम्ही पाच जणी राहतो.

नोकरी मिळाली मरोळच्या एका गाळ्यात. मालक नर्सिंग कॉलेजांना शिकवायचं सामान पुरवतात. प्लास्टिकचे सांगाडे, सुई टोचायला शिकायचे रबरी हात, झाकण काढलं की आतडी दिसणारं पोट. आम्ही तिघी बायका खोकी फोडायचो, मोजायचो, लेबल चिकटवून पुन्हा भरायचो. पहिल्या दिवशी भांडुपची जोडीदारीण म्हणाली, "सांगाड्याला नमस्कार कर, इथला सीनियर तो आहे." मालकांनी माझ्याकडे एकही कागद मागितला नव्हता. दुसरीकडे सगळे आधी दहावीचं मार्कशीट मागायचे. म्हणून हे काम जाईल की काय, ही भीती मी लेबलं चिकटवतानाही सोबत घेऊन बसायचे.

एकदा कुरिअरने एक नमुना आला. नुकतं जन्मलेलं बाळ. खरंच तेवढंच. मिटलेले ओठ, डोक्यावर रंगाने काढलेलं जावळ, तळहातावर रेषासुद्धा. जन्मल्यावर जे मूल रडत नाही त्याला श्वास कसा द्यायचा, हे नर्सना शिकवायला ते बनवलेलं होतं. एका कॉलेजच्या शिकवणाऱ्या सिस्टर ते बघायला आल्या. त्यांनी बाळाची मान थोडी मागे केली, तोंडावर छोटा मास्क धरला आणि हातातली रबरी पिशवी दाबली. बाळाची छाती वर आली. पिशवी सोडली, खाली गेली. मी चहाचे कप उचलायला गेले होते, ते हातातच राहिले. सिस्टरनी मलाही एकदा करायला लावलं, अगदी सहज, "या, बघा तुम्हीपण," म्हणून.

मालकांनी ऑर्डर दिली. माल यायला बरेच महिने लागणार होते. तोवर तो नमुना रॅकमध्ये, रबरी हातांच्या शेजारी, उघडाच पडलेला. पंखा सरळ त्या रॅकवर. मला ते बघवेना. मांजरपाटाचा तुकडा उरला होता, त्याचं मी एक झबलं शिवलं. जोडीदारीण हसली. "काय गं, बारसं कधी?"

"चूप बस."

"नाव तरी काय ठेवलंस?"

"नाही ठेवलं."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मग तो विषय परत काढला नाही.

माल आला आणि सहारला अडकला. खोक्यांत दोन प्रकारची बाळं होती. एक ही श्वासाची. ती तुटू नयेत म्हणून डोकी वेगळी, धडं वेगळी, हातपाय वेगळे. दुसरी मऊ, कापडी अंगाची, आंघोळ घालायला आणि लंगोट बांधायला शिकवायची. शेडमध्ये कस्टमच्या मॅडमनी खोकं उघडलं तर वर नुसती डोकी. त्यांनी विचारलं, ही बाहुल्यांची डोकी नाहीत कशावरून?

त्यात एवढं काय, हे मला काकांनी नंतर समजावलं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरकारी पुस्तकात एक खोली ठरलेली आहे. बाहुली खेळण्यांच्या खोलीत. दुकानात साड्या नेसवून उभे करतात ते पुतळे दुसऱ्या खोलीत. शिकवायची मॉडेलं तिसऱ्या. खोली बदलली की कर बदलतो. खेळण्यांच्या खोलीत कर तर जबरच, वर सरकारी मानकाचा छापही लागतो. तो नसला तर माल देशात येतच नाही. आमच्या कागदावर लिहिलं होतं, शिकवायची मॉडेलं. छाप अर्थातच नव्हता. मॅडम म्हणाल्या, एक जोडलेलं पूर्ण बाळ आणून दाखवा, मग ठरवते.

काका रिक्षा थांबवूनच आले. मालक वापीला गेलेले. "नमुना दे बघू, पटकन. मॅडम बाराला जागेवरून उठतील." मी झबलं काढलं. ओल्या फडक्याने बाळ पुसलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, खोक्यात ठेवलं. आणि टेप लावायच्या आधी माझा हात माझ्या डोळ्याकडे गेला. बोटावर काजळ घेतलं आणि त्याच्या डाव्या गालावर टेकवलं. मी काही विचार करून केलं नाही. तान्हं मूल घराबाहेर न्यायचं तर तीट लावायची, एवढंच हाताला ठाऊक. मग मी टेप लावली आणि खोकं काकांच्या मांडीवर दिलं.

तिसऱ्या दिवशी मालक गाळ्यात आले ते चप्पलही न काढता. हातात कस्टमचं पत्र. नमुना वापरलेला आणि सजवलेला आढळला. ही बाहुली नाही याचा खुलासा करावा. नमुना ज्याने भरला त्या व्यक्तीला हजर करावं.

"कोणी भरला होता?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"माझ्या मालाला टिकल्या लावतेस?"

"टिकली नाय सेठ, तीट," जोडीदारीण म्हणाली. तिला वाटलं ती मला मदत करतेय.

"शेडमध्ये रोज भाडं चढतंय आणि तुम्हाला तीट सुचतेय!" मग मालक एकदम शांत झाले. ते शांत झाले की जास्त भीती वाटायची. "हे बघ. उद्या जाऊन काय ते सांग. माल मॉडेल म्हणून सुटला तर ये कामावर. खेळणं ठरलं तर परवापासून तोंड दाखवू नकोस."

संध्याकाळी खोलीत मी माझी पिशवी भरूनच ठेवली. कुठे जायचं ते मात्र ठरेना.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझा पास काढला आणि मला कस्टमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. त्यांनी डबा उघडला. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. "खा."

"नको काका."

"खा गो. उपाशी माणूस खोटं बोलता."

मी तेच तर विचारणार होते. म्हटलं, "काका, सांगू का, खोक्यातच काळं काहीतरी लागलं असेल म्हणून?"

"नाय." त्यांनी घावण्याचा तुकडा मोडला. "चाळीस वर्षं बघतंय. कागदात खोटं लिहिलं ना, की ते आपण म्हातारे होईस्तोवर आपल्याला शोधत येतं. घाबरतंस कित्याक? विचारतील तेवढं सांग."

आत मॅडम माझ्या आईच्या वयाच्या असतील. टेबलावर फायलींच्या मध्ये ते बाळ उताणं ठेवलेलं. तीट अजून तशीच, थोडी पसरलेली. टेबलावर ते फार लहान दिसत होतं.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"का?"

"बाहेर जात होतं, मॅडम."

"काय बाहेर जात होतं?"

"बाळ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागाने नाही. पण समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "इथेच अडचण आहे बाई. पुस्तकात काय म्हटलंय, शिकवण्याखेरीज दुसऱ्या कशाच्या उपयोगाची नसेल तरच वस्तू मॉडेल. आणि बाहुली नुसती खेळायचीच असते असं नाही, शोभेची असली तरी बाहुलीच. तुम्ही तर हिला तीट लावता. मग हा दुसरा उपयोग नाही तर काय? तुम्ही खेळताच आहात की."

"खेळत नव्हते."

"मग?"

मी काकांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मुंबईत आल्यापासून जे कोणाला सांगितलं नव्हतं ते मी तिथे, पंखा फिरत असताना, एका अनोळखी बाईंना सांगितलं. माझी मुलगी पूर्ण दिवसांची होती. अंगाने भरलेली. जन्मली आणि रडली नाही. सुईणीने पायाला धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, गार पाणी शिंपडलं, कांदा फोडून नाकाशी धरला. सरकारी दवाखान्यातली सिस्टर यायला वेळ होता. आम्ही सगळ्या बायका नुसत्या बघत होतो, आणि ती निळी पडत गेली. घराबाहेर ती नेली ती एकदाच, पुरायला, आणि तेव्हा तीट कोणी लावली नाही.

"गोडाऊनमध्ये सिस्टरनी पिशवी दाबली, तेव्हा कळलं," मी म्हटलं. "एवढंच करायचं होतं."

मॅडमनी बाळ माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "करून दाखवाल?"

मास्क आणि पिशवी खोक्यातच होती. मी मास्क धरला, पिशवी दाबली, आणि सगळी हवा फस्सकन बाजूने निघून गेली. छाती हलली नाही. पुन्हा दाबली. नाही. मला वाटलं, गेली नोकरी. खरं सांगायचं तर नोकरीचं नंतर वाटलं. आधी वाटलं, याही वेळेला नाही.

मालाचं माहितीपत्रक काकांनी वाचलेलं होतं. मागून ते हळूच म्हणाले, "मान गो. मान."

मी मान मागे केली, हनुवटी उचलली. दाबली. छाती वर आली. खाली गेली. वर आली. मॅडमनी पुढे वाकून त्या छातीवर दोन बोटं ठेवली. मी थांबलेच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "पुरे. पुरे आता," तेव्हा सोडली.

मग त्या काकांकडे वळल्या. आवाज पुन्हा ऑफिसचा झाला. "तुम्ही इतके जुने. नमुना न बघता माझ्यासमोर आणलात?"

इथे काकांना एवढंच म्हणता आलं असतं, की खोकं बंद होतं, पार्टीच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, माणसाने भरलं होतं. कोणीही असंच म्हटलं असतं. मलाही तेच खरं वाटत होतं.

"बघितला, मॅडम," ते म्हणाले. "रिक्षात उघडला होता. तीट दिसली."

"मग पुसली का नाही?"

काकांनी शर्टाच्या खिशातलं पेन उगाचच काढलं, परत ठेवलं. "तीट कोण पुसता, मॅडम?"

त्या खोलीत आणखी दोन टेबलं होती. तिथली माणसंही लिहायची थांबली.

"असं लेखी द्याल? नमुना तपासायची जबाबदारी तुमची होती म्हणून?"

"देतो."

त्यांनी उभ्याउभ्या लिहून दिलं. अक्षर मोत्यासारखं. गोडाऊनच्या कामगाराचा दोष नाही. नमुना सादर करण्यापूर्वी मी पाहिला. चिन्ह पुसणे माझे काम होते, ते मी केले नाही. खाली सही. मी वाचत होते आणि मला कळत होतं की हे माझ्यावरचं उचलून ते स्वतःच्या डोक्यावर घेतायत. मी तिथे बोलायला हवं होतं. लगेच बोलायला हवं होतं.

श्वासाची बाळं मॉडेल ठरली. मऊ बाळांपैकी एक मॅडमनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, पोट दाबून बघितलं. आडवं केलं की डोळे मिटायचे, तेवढंच. "यात आत काय आहे?"

"कापूस," काका म्हणाले.

"मग ही बाहुली." त्यांनी तसं लिहिलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. ते बाळ कोणीही कुशीत घेऊन झोपलं असतं. मी तर नक्कीच.

मालक म्हणाले, "अर्धा तरी सुटला. तुझं नशीब. ये उद्यापासून." भरून ठेवलेली पिशवी मी घरी जाऊन सोडली.

काकांचं लिहिलेलं एजंटच्या मोठ्या साहेबांपर्यंत गेलं. त्यांनी काकांना बोलावून कस्टममध्ये जायचं ओळखपत्र परत घेतलं. म्हणाले, काउंटरला असलं चालत नाही. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष होतं. ओळखपत्र घेण्याआधी एक शेवटचं काम मात्र त्यांच्याकडूनच करून घेतलं. मऊ बाळं परत घ्यायला परदेशातला व्यापारी तयार नव्हता, म्हणून ती नष्ट करायचा हुकूम निघाला, आणि तिथे एजंटचा माणूस हजर लागतो. काका गेले. मी नंतर विचारलं तेव्हा आधी "मरांदे" म्हणाले. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "मोठी मशीन होती. सगळी खोकी एकदम नाय घालत, चार-चार काढून घालतत. मी बघूक नाय. पाठ फिरवून उभो रवलंय." मग म्हणाले, "डोळे मिटत होते गो त्यांचे, आडवी केली की."

नमुन्याचं बाळ काही आठवड्यांनी परत आलं, पायाला नंबराचं लेबल बांधलेलं. तीट फिकट झाली होती, पण होती. मालक म्हणाले, स्पिरिट घे आणि साफ कर, कॉलेजला दाखवायचंय. तीट कोण पुसता, असं काकांनी म्हटलं होतं. मी पुसली. एका बोळ्यात गेली नाही, दोन लागले. जोडीदारीण त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिली.

आता काका घाटकोपर स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसतात. लोकांचे फॉर्म भरून देतात. रविवारी मी असल्फ्याला त्यांच्या घरी जाते. पहिल्यांदा गेले ती माफी मागायला. काकी म्हणाल्या, "तुझ्यामुळे घरात तरी दिसतात हे," आणि ताट वाढलं. त्या हसत होत्या, पण काका आतल्या खोलीत गेल्यावर त्यांनी डोळे पुसलेले मी बघितले. त्या दिवशी काकांनी एक फॉर्म पुढे ठेवला. सतरा नंबरचा, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. नाव सोडून सगळं त्यांनीच भरून ठेवलेलं.

"दहावी कर. मग बारावी. बारावीशिवाय माझ्यासारखं कस्टममध्ये जायचं कार्ड देत नाहीत."

"माझ्याने होईल का काका?"

"मान सरळ ठेव. होता."

तेव्हापासून दर रविवारी गणित. काकांना व्याज शिकवता येतं, भूमिती नाही. भूमितीला आम्ही दोघंही अडतो आणि काकी चहा टाकतात. मधूनच ते आपलं जुनं, कडा फाटलेलं ते खोल्यांचं पुस्तक काढतात. "सांग, मातीचा गणपती कुठल्या खोलीत? आणि साबणाचा?" मी चुकते. ते खूश होतात.

परीक्षेची भीती वाटते. फॉर्मवर जन्मतारीख बरोबर लिहिली का, हे मी तीनदा जाऊन विचारून आले. नापास झाले तर काय, हा विचार रोज येतो. पण काकांनी लिहून दिलेला तो कागद अजून त्या ऑफिसच्या फायलीत आहे, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि त्यावर माझी एक ओळही नाही. काका, तुम्ही हे वाचाल आणि ओरडाल, तरी लिहिते. मी दहावी होईन, मग बारावी. कार्ड मिळालं की सगळ्यात आधी त्याच टेबलापाशी जाईन, आणि तीट मी लावली होती, दोष माझा होता, असं माझ्या अक्षरात लिहून तुमच्या कागदाला जोडायला देईन. त्याची पोच घेईन. आणि ती पोच घेऊन असल्फ्याचा चढ चढून तुमच्या हातात देईन. वेळ लागेल. पण देईन.